अनुभवकाकांची शिष्या

ऑफिसात त्यांना सगळे अनुभवकाका म्हणायचे. तोंडावर आदराने, पाठीमागे हसत. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझ्या अनुभवानुसार' इथूनच सुटायचं. माझ्या अनुभवानुसार चहा थंड झालाय. माझ्या अनुभवानुसार पंखा बंद आहे. चहा खरोखरच थंड असायचा आणि पंखाही बंद असायचा, त्यामुळे अनुभवाला आव्हान देणार कोण?

कंपनी बेकऱ्यांना, फुलवाल्यांना, दवाखान्यांना मोठाले फ्रीज आणि शीतखोल्या बसवून द्यायची. त्या बंद पडल्या की लोक फोन करून शिव्या द्यायचे. त्या शिव्या ऐकून घेण्याच्या खात्याचे काका प्रमुख. खातं तळमजल्यावर, गोदामाला खेटून. खिडकी होती, पण उघडली की ट्रकचा धूर आत यायचा, म्हणून तिला भिंतच समजायचं. याच खोलीत काकांचे केस पिकले आणि नंतर पिकायचेही उरले नाहीत. त्यांच्यामागून आलेले कितीतरी जण वरच्या मजल्यांवर पोचले. काका तेवढे अढळपदी बसून होते.

अशात एचआरच्या बाईंना साक्षात्कार झाला, की नव्या माणसाला जुन्याने हाताला धरून पुढे नेलं की कंपनी भरभराटते. लगेच योजना निघाली. प्रत्येक नव्याला एक 'मेंटॉर'. हॉलमध्ये भाषणं झाली, टाळ्या झाल्या, बिस्किटं संपली. काकांच्या वाट्याला एक नवीन बाई आली. आधी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दोन मुलं शाळेला लागल्यावर पुन्हा नोकरीला निघालेली. खात्यात ती सर्वांत नवी, म्हणून तिला सगळे 'नवी'च म्हणायला लागले, आणि मग ते नाव चिकटलंच.

"मला कुठे नेलेलं नाही कुणी, मी हिला कुठे नेऊ?" काका घरी येऊन बायकोपुढे करवादले.

बायको शाळेत शिकवायची. वह्यांतून मान वर न करता ती म्हणाली, "नेऊ नका. नुसती वाट अडवू नका."

काकांनी मार्गदर्शन सुरू केलं. नवीला शेजारी खुर्ची दिली आणि ज्ञानाची पोतडी उघडली. मीटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही. उघडलं तर काम आपल्याच गळ्यात पडतं. वरच्या मजल्यावर बोलावल्याशिवाय जायचं नाही. आणि गिऱ्हाईक कितीही तापलं तरी एकच सांगायचं : "माणूस निघालाय." माणूस कुठून निघालाय, कधी निघालाय, मुळात माणूस आहे का, हे विचारायच्या आत फोन ठेवायचा.

नवी सगळं लक्ष देऊन ऐकायची. "हो काका" म्हणायची. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तिने हात वर केला. दुसऱ्या आठवड्यात ती जिना चढून वर गेली आणि सुट्या भागांच्या खात्यातल्या लोकांशी ओळख करून आली. काकांनी कपाळावर हात मारला.

"अगं, मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच तर कळलं काका, की इथे कुणी वर जातच नाही. त्यांनाही बरं वाटलं, कुणीतरी आलं म्हणून."

एका रणरणत्या दुपारी एका फुलवाल्याची शीतखोली बंद पडली. आत दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची सगळी फुलं. फोनवर त्याचा आवाज असा की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा. दुरुस्तीची सगळी माणसं गावाबाहेर अडकलेली. काकांनी खूण केली : निघालाय म्हण.

नवीने रिसीव्हरवर हात ठेवला. "काका, निघालेला नाहीये ना पण."

"त्याला कुठे माहितीये?"

"संध्याकाळी माहीत होईल. फुलं काळी पडल्यावर."

मग ती फोनवर म्हणाली, "दादा, खरं सांगते. आज माणूस येणार नाही. तुमचं ओरडणं बरोबर आहे. पण आधी फुलं वाचवू, मग मला हवं तेवढं बोला." तिने त्याच्याच मागच्या गल्लीतली एक बेकरी शोधली. तिथे आपल्याच कंपनीची शीतखोली होती, अर्धी रिकामी. दवाखान्यात दाढ धरून रडणाऱ्यांना ज्या सुरात शांत केलं होतं, त्याच सुरात तिने बेकरीवाल्याला गळ घातली. संध्याकाळपर्यंत फुलं पावांच्या शेजारी जाऊन बसली. काका घरी जाईपर्यंत फुगून होते. आपला सल्ला धुडकावला याचं दुःख होतंच. त्यातून बेत जमला, हे जास्त झोंबलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये खातेप्रमुखांची बैठक होती. नवीला अर्थातच बोलावणं नव्हतं. मोठे साहेब खुशीत होते. तो फुलवाला म्हणे सगळ्या फुलबाजारात आपलं कौतुक करत फिरतोय. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

विक्रीखात्याचे प्रमुख, उन्हाळ्यातही टाय न सोडणारे टायसाहेब, घसा साफ करून म्हणाले, "ग्राहकांनी एकमेकांना मदत करावी, हे आम्ही विक्रीत कधीपासून बोलतोय सर."

काकांना टायसाहेब पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचे. पण त्या वाक्याने त्यांना दुसरंच काही टोचलं. तरुणपणी त्यांनाही एक साहेब लाभले होते. सुटे भाग एका जागी न साठवता शाखाशाखांत वाटून ठेवावेत, ही काकांची कल्पना साहेबांनी अशाच बैठकीत 'मला सुचलं' म्हणून मांडली होती. काका तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. साहेब बढती घेऊन गेले. जाताना काकांचा खांदा थोपटून म्हणाले, "असंच काम करत राहा." काका आज्ञाधारक. तसंच करत राहिले.

"माझ्या अनुभवानुसार," काका म्हणाले, आणि दोघातिघांनी घड्याळात बघितलं, "हे विक्रीखात्याला सुचलेलं नाही. आमच्याकडच्या नवीला सुचलं. मी तिला खोटं बोलायला सांगत होतो. तिने ऐकलं नाही, म्हणून फुलं वाचली."

टायसाहेब टायची गाठ चाचपू लागले.

काकांना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. झालं भलतंच. नवीला फोनवाल्या सगळ्या चमूची प्रमुख केलं. आणि एचआरच्या बाईंनी हॉलमध्ये डोळे पुसत जाहीर केलं, की आपल्या हाताखालच्या माणसाला चुकीचा सल्ला देऊन स्वतंत्र विचार करायला लावणं ही मार्गदर्शनाची सर्वोच्च पायरी असून ती अनुभवकाकांनी गाठली आहे. काकांना काचेची ढाल मिळाली. ती त्यांनी नम्रपणे स्वीकारली. खरं सांगायची सवय अजून तेवढी मुरली नव्हती.

नवी मात्र ढालीबद्दल काही बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसली.

"काका, त्या दिवशी आत माझं नाव घेतलंत म्हणे."

"टायसाहेबाची जिरवायची होती."

"बरं."

"उगाच गैरसमज नको."

"नाही करत," ती म्हणाली आणि आपल्या डब्यातलं अर्धं त्यांच्या झाकणात वाढलं.

पुढे तिला दुसऱ्या शहरातली पूर्ण शाखा देऊ केली. घर हलवायचं, मुलांची शाळा बदलायची, सासूबाईंचा पाय दुखरा. ती घुटमळत होती. काकांनी तिला बसवलं आणि पहिल्यांदाच अनुभवाला मध्ये न आणता म्हणाले, "जा. तुझं नाव घ्यायला मी प्रत्येक बैठकीत नसेन. तिथे तुझं तुला घेता येईल."

ती गेली. आठवड्यातून एकदा फोन करते, अडचण सांगते, काकांचं मत विचारते आणि आपल्याला हवं तेच करते. काका बायकोकडे तक्रार करतात, की ही पोरगी उगाच वेळ खाते. फोनच्या दिवशी मात्र जागचे हलत नाहीत.

हल्ली एचआरच्या बाईंनी त्यांच्या हाताखाली हिशेबखात्यातून बदलून आलेला एक मध्यमवयीन गृहस्थ दिला आहे. काका त्याच्यामुळे फार चिंतेत आहेत.

"हा काही पुढे जायचा नाही," ते परवा बायकोला म्हणाले. "मी सांगतो ते सगळं ऐकतो."

"मग त्याला सांगा, माझं ऐकू नकोस."

"सांगितलं ना. 'बरं' म्हणाला."