बाग बघायला

चैत्रातलं हळदीकुंकू साताऱ्यात आमच्या पेठेत घरोघरी असायचं. झोपाळ्यातली गौर, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, हे सगळीकडे सारखंच. आमच्या घरी त्यापुढे एक जादा कार्यक्रम असे. हरभरे पदरात पडले की बायका उठायला लागायच्या, तेवढ्यात आई म्हणायची, "चला, बाग बघायला." मग नऊवारी-सहावारीची ती सगळी सळसळ स्वयंपाकघरातून, चुलीला वळसा घालून, मागच्या दाराने परसात उतरायची.

मागे आत्या उभी असायची.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर कुंडलच्या बाजूला, नवरा पलटणीत. पासष्टच्या लढाईतून तो परत आला नाही आणि आत्या एक ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आली. पुढच्या खोलीत हळदीकुंकू चाललेलं असताना तिने तिथे यायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे. सकाळपासून कैऱ्या किसणं, डाळ वाटणं, पन्ह्यात वेलदोडा घालणं सगळं तिचंच, आणि पहिली सवाष्ण उंबऱ्यात दिसली की ती हात पुसून मागे निघून जायची. मला याचा राग यायचा, अजूनही येतो. तेव्हा राग आला की मी हरभऱ्यांवर काढायचे.

पण एकदा का बायका परसात उतरल्या की आत्या वेगळीच व्हायची. घरात जेवायला वाढतानाही हळू बोलणारी ही बाई तिथे मास्तरीण होऊन पुढे चालायची. फेरी न्हाणीपासून सुरू व्हायची. न्हाणीच्या पाण्यावरचं अळू, त्याला लागून केळ, मग सोनटक्का, कढीपत्ता, शेंगांनी लगडलेला शेवगा, लिंबाचं झाड, आणि सगळ्यांत शेवटी आडाच्या कठड्याजवळ मोगरा आणि दवणा. मोगऱ्यापाशी ती हटकून थांबायची. "ह्याला माघात उपाशी ठेवायचं," म्हणायची, "पाणी तोडायचं, छाटून टाकायचं. मग चैत्रात बघा कसा देतो." बायका माना डोलवायच्या आणि कळ्या खुडायच्या. कळ्या त्यांनीच खुडायच्या, असा तिचा नियम होता. ती बोटाने दाखवायची, त्या फांदीवरच्या घे, ही उद्या उमलेल, पण स्वतः खुडून कुणाच्या हातात देत नसे. सवाष्णीच्या केसांत जाणारं फूल आपल्या हातून नको, हे तिने स्वतःशीच ठरवलेलं होतं. कुणी आग्रह केला तरी ऐकायची नाही.

आई बायकांना मागे का नेते, ते मला फार उशिरा कळलं. आत्या पुढे येऊ शकत नव्हती, म्हणून आई पुढची खोलीच तिच्याकडे घेऊन जायची. याबद्दल दोघी कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. वर्षातली ती एकच दुपार आत्याची होती.

मग दुष्काळाचं साल आलं. बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला आणि संक्रांतीपासून नळाची धार करंगळीएवढी झाली. आमच्या आडाला तळाशी थोडं पाणी होतं, ते भरायला आळीतल्या बायका पहाटेपासून कठड्यापाशी यायच्या. वडिलांनी सांगून टाकलं, झाडांना एक तांब्याही नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लोकांच्या घागरी रिकाम्या असताना मोगऱ्याला पाणी घालणं बरं दिसलं नसतं. आत्याही त्यांना हो म्हणाली. त्यानंतर तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं ती लिंबाच्या आळ्यात ओतायची, बाकी सगळं सोडून दिलं.

पहिला दवणा गेला. मग अळू, मग केळ वाळून एका कुशीवर पडली. सोनटक्क्याची पानं वाऱ्याबरोबर करकरायची. रोज सकाळी आत्या परसात जाऊन मोगऱ्याची एखादी काडी नखाने खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. महाशिवरात्रीपर्यंत एखाद्या काडीत हिरवी रेघ दिसायची. होळीनंतर तिने खरवडणं बंद केलं.

चैत्र लागला तशी ती आईला म्हणाली, यंदा हळदीकुंकू नाही केलं तर चालणार नाही का. आई म्हणाली, गौर कशी टाळायची? आरास नको, कलिंगड नको, डाळ थोडी करू. मला मात्र वेगळीच धास्ती लागून राहिली होती. बागच नाही, तर बायका मागे कशाला जातील? आणि त्या गेल्या नाहीत, तर आत्या दुपारभर तिथे एकटीच उभी राहील.

त्या दिवशी बायका आल्या, पण बसल्या सुकलेल्या तोंडांनी. बोलणं सगळं टँकरचं आणि दगड फोडायला जाणाऱ्या माणसांचं. पन्हं अर्धी वाटी, तेही गुळाचं. ओट्या भरून झाल्या आणि आई नेहमीसारखी उठली. तेव्हा आमची दूधवाली, किल्ल्यापलीकडच्या वाडीची, दर वर्षी न चुकता येणारी, अगदी सरळ मनाने म्हणाली, "आवं, यंदा मागं काय बघायचं हाय? समदं वाळलंय की."

आईने तिच्याकडे ऐकू न आल्यासारखं बघितलं आणि चला म्हणत पुढे झाली. बायका तिच्यामागे निघाल्या. मागच्या दाराला बाहेरून कडी होती. आईने दोनदा दार वाजवलं.

"वहिनी, यंदा राहू द्या," पलीकडून आत्याचा आवाज आला. "दाखवण्यासारखं काही नाही."

मागे बायका खोळंबलेल्या, पुढे बंद दार. तिला जे सुचलं ते ती मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलून गेली. "अहो वन्सं, उघडा हो दार. बाग बघायला कोण येतंय इथे? दर वर्षी तुम्हालाच भेटायला येतो ना आम्ही."

मग कडी निघाली. आत्याने दार पूर्ण उघडलं, बाजूला झाली, हसली. पाहुण्यांसमोर हसतात तसं हसली. तिने फेरी घातली, न्हाणीपासून आडापर्यंत, काही वगळलं नाही. हे अळू होतं. इथे केळ. हा सोनटक्का. मोगऱ्यापाशी ती थांबली नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, दोघीतिघींनी तिचे हात हातात घेतले. दूधवालीने तर तिला मिठीच मारली. तिन्हीसांजेला आई वडिलांना खुशीत सांगत होती की एकही बाई मागे गेल्याशिवाय घरी गेली नाही.

आत्या वाट्या राखेने घासत होती. मी शेजारी जाऊन बसले. वाटीकडेच बघत ती म्हणाली, "मला वाटायचं, मोगरा बघायला येतात."

एवढंच. मी घासलेल्या वाट्या पुसायला घेतल्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. लिंब तगलंच होतं, मोगरा बुडातून फुटला, आत्याने कुठून कुठून रोपं आणून परस पुन्हा उभा केला. चैत्रात मोगऱ्यावर पान दिसेना इतक्या कळ्या. हळदीकुंकवाच्या दिवशी आई उठली, चला म्हणाली. मागचं दार सताड उघडं होतं आणि परसात कुणी नव्हतं. आत्या डाळ वाटून, कैऱ्या किसून, संगम माहुलीला देवदर्शनाला निघून गेली होती. आईनेच बाग दाखवली. सोनटक्क्याला तिने हळद म्हटलं. माहेर सांगलीचं, हळदीच्या गावात वाढलेली, आणि हळद ओळखेना, म्हणून बायका हसल्या. आई हसली नाही.

त्या संध्याकाळी तिने मला खोदून खोदून विचारलं. मी आत्याचं ते वाक्य सांगितलं. "जळलं माझं तोंड," आई म्हणाली. मला तिची कीव आली, कारण यातून तिला सुटकाच नव्हती. तुम्हाला भेटायला येतो म्हणावं, तर बाग फुकट गेली. बाग बघायला येतो म्हणावं, तर त्या दिवशीचं बोलणं खोटं पडलं. तिने माया म्हणून जे दिलं होतं, त्यात आत्याचं जे काही स्वतःचं होतं तेच काढून घेतलं गेलं. दोघी एका घरात, एका चुलीपाशी, पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. भांडण नाही, अबोला नाही. फक्त चैत्र आला की आत्या माहुलीला जायची, आणि आई तिला एस.टी.साठी सुटे पैसे काढून द्यायची.

असं बरीच वर्षं चाललं. माझं लग्न झालं, मी सांगलीला सासरी गेले. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा एका पावसाळ्यात वडील गेले.

त्यानंतरच्या चैत्रात मी मुद्दाम साताऱ्याला आले. हळदीकुंकू आता भावजय करणार होती. तिचं ते घरातलं पहिलंच. आईने सकाळी डाळ वाटली, कैऱ्या किसल्या, पन्ह्यात वेलदोडा घातला. दुपारी पहिली बाई उंबऱ्यात दिसली आणि आई हात पुसून मागे निघून गेली. हात पुसायची तऱ्हा अगदी आत्याचीच. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, हातात पन्ह्याची वाटी आली. मी वाटी तशीच ठेवून परसात गेले.

आई धुण्याच्या दगडावर बसली होती. मोगऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. कान सगळे दाराकडे. आणि तिच्याजवळ आत्या उभी होती. ती त्या वर्षी माहुलीला गेली नव्हती. परस झाडून, सडा घालून, आळी भिजवून ठेवली होती.

आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, वाट्यांचा आवाज येत होता. भावजयीला आमच्या घरची रीत ठाऊक नव्हती. चला, असं आत कुणीच म्हणत नव्हतं.

"वन्सं," आई खालच्या आवाजात म्हणाली, "येतील का हो कुणी मागे?"

आत्या वाकली. आडाच्या कठड्याजवळच्या दवण्याची एक काडी तिने खुडली आणि आईच्या हातात दिली. बागेतलं काही तिने स्वतःच्या हाताने कुणाला दिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"येतील की, वहिनी," ती म्हणाली. "मोगरा बहरलाय. बाग बघायला येतील."

आईने पदर सावरला. मी बायकांना बोलवायला आत गेले.