नासलेल्या चाळीची खरी हकीकत

आमच्या घराण्यातल्या पुरुषांना कांद्यातलं सगळं कळतं, असा आमचा समज आहे. बारामतीच्या बाजारात ढिगापुढे उभे राहून आम्ही कांदा हातात झेलतो, वरचं साल काढतो, हुंगतो आणि वैद्यासारखा चेहरा करतो. खरं तर बघायची असते ती मान. ती सुकून मिटली असेल तर कांदा टिकतो, बोटाला मऊ लागली तर सडतो. पावसाळी लाल कांदा खाऊन संपवायचा, चैत्रात काढलेला गरवा साठवायचा. एवढंच ते ज्ञान. त्यावर आम्ही आयुष्यभर रुबाब केला, आणि कांदा साठवायची चाळ नासली तेव्हा दोष एका बाईवर ढकलला.

मी वालचंदनगरला नोकरीत होतो. आमची जमीन कळंबच्या अंगाला, ती थोरला भाऊ बघायचा. दर रविवारी मी जायचो आणि भाजीनं भरलेली पिशवी घेऊन परतायचो.

त्या वर्षी गरवा काढणीला आला होता. पात पिवळी पडून माना लवल्या होत्या. अशा वेळी पाणी तोडायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नेमकी तेव्हाच कालव्याच्या पाण्याची आमची पाळी आली. आपण पाणी घेतलं नाही तर ते बांधापलीकडच्या चुलत्याला जाणार, आणि त्याच्याशी आमचं बोलणं बंद होतं. मी बांधावर उभा असताना भावानं कांद्यात पाणी सोडलं. म्हणाला, "त्याच्या उसाला जाण्यापरीस आपल्या कांद्यात मुरंल." मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि पिशवी उचलून निघालो.

तो पाणी प्यालेला कांदा वहिनीनं चाळीत रचला. आषाढ लागला आणि वास सुटला. चाळीखाली पाणी ठिबकायला लागलं. तेव्हा आमच्या आत्याला आठवलं, की वहिनी बाजूला बसायच्या दिवसांत चाळीत गेली होती. झालं. भावाला हवं तेच मिळालं. रोज पेपर वाचून चावडीवर शेती शिकवणारा हा माणूस, विटाळानं कांदा नासला म्हणून गावाला सांगत फिरला. त्याच्याहून हलका मी. मी शिकलेला, कांद्यात पाणी जाताना डोळ्यांनी बघितलेलं, आणि एक शब्द बोललो नाही. दर रविवारची पिशवी भरून येत राहिली.

वहिनीनं त्यानंतर चाळीत पाऊल टाकलं नाही. भाऊ गेला, आत्या गेली. मला वाटायचं, आता हे कोणाच्या लक्षात असणार?

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो. पुतण्याची नवी सून पाटी घेऊन चाळीकडे निघाली. ओसरीवरून वहिनीनं तिला हाक मारली आणि अडचण नाही ना, असं हळूच विचारलं. पोरीनं पाटी खाली ठेवली. वहिनी म्हणाली, "मग आत जाऊ नगं, बाय. माझ्यापायी एकदा अख्खी चाळ गेली हाय."

दुसऱ्यांनी म्हटलेलं ती सोसत असेल, असं मी धरून चाललो होतो. तिनं ते खरंच मानलं होतं.

मग मी सांगितलं. पाण्याची पाळी, चुलत्यावरची खुन्नस, लवलेल्या माना, सगळं. पुतण्या बापाची बाजू घेऊन काहीतरी पुटपुटला, पण तिनं त्याला हातानं थांबवलं. मग मला विचारलं.

"तुमी तितं उभं होता, भावजी?"

मी होय म्हणालो.

"आन घरात मला बोलत होते, तवाबी हितंच बसला होता."

ती त्या पोरीकडे वळली आणि म्हणाली, "जा गं. आण कांदं."

दुपारी पंगत बसली. वहिनी स्वतः वाढत होती. फोडलेला कांदा तिनं प्रत्येकाच्या ताटात टाकला आणि माझ्या ताटावरून हात पुढे नेला. मी मागितला नाही.