डावीकडे मोकळं

"मी पुढे बसणार नाही. आजपासून नाहीच."

"मग कोण बसणार? तुझी मावशी?" बाबांनी काच पुसायचं फडकं झटकलं. "पोरं वाट बघतायत. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"बाबा, काल ती बाई..."

"लागलं का तिला? नाही ना!"

"पिशवी गेली तिची चाकाखाली. ती हातभर अलीकडे असती तर? आणि मी 'मोकळं' म्हणाले होते, बाबा. मी!"

बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. सगळ्या पोरांचे लाडके काका. कुणाचा डबा राहिला, कोण रडत चढलं, सगळं त्यांना ठाऊक. त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही, हे मात्र फक्त थोरलीला ठाऊक. आईलासुद्धा नाही. थोरली पहिलीत असताना त्यांनीच तिच्या कानात सांगितलं होतं, "हा आपल्या दोघांचा खेळ. मी म्हणणार 'डावीकडे?', तू बघून सांगायचं 'मोकळं'. आणि कुणाला सांगायचं नाही." केवढी ऐट होती तेव्हा तिची! वर्गात कुणाकडेच असलं गुपित नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं. आता वळण आलं की ती दोनदोनदा बघायची. मागे पोरं गाणी म्हणायची, आणि ही काचेला नाक लावून बसायची.

"डॉक्टरकडे चला ना."

"डॉक्टर आधी लायसन घालवेल. मग हवा खायची का?" बाबांचा आवाज उतरला. "आईला बोललीस तर घर बसेल, बाळा. इतकी वर्षं पोटात ठेवलंस, शहाणी माझी."

"शहाणी कसली? घाबरत होते मी!"

"बरं, राहिलं." बाबा धुसफुसत व्हॅनमध्ये बसले, आरसा नीट करू लागले. "धाकटी बसेल."

धाकटी केव्हाच पुढच्या सीटवर चढली होती, दप्तर मांडीवर घेऊन. "मला येतो खेळ! विचारा ना, बाबा!"

"डावीकडे?"

"मोकळं!"

"बघ, कशी तयार झाली!" बाबा समोर बघत हसले.

थोरली डावीकडच्या खिडकीशी उभी होती. धाकटीनं डोळे गच्च मिटले होते. बाबांना ते दिसलंच नव्हतं.

समोर, काचेखाली, किल्ली पडली होती. डाव्या बाजूला. थोरलीनं खिडकीतून हात घातला आणि किल्ली मुठीत आवळली.

बाबा चाचपत होते. "आत्ता तर इथे ठेवली होती. किल्ली कुठंय गं?"

आई आत डबे भरत होती. थोरली किल्ली घेऊन तिच्याकडे चालू लागली.