घोड्याच्या घरातलं प्यादं

बारा वर्षांपूर्वी ऊर्जानगरला, आमच्या वीज कंपनीच्या वसाहतीतल्या क्लबात, मी बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेचा शेवटचा डाव जिंकलो. त्या जोरावर नागपूरला खेळायला गेलो आणि पहिल्याच दिवशी हरून आलो. क्लबातल्या त्या डावाबद्दल बायकोशीही कधी बोललो नाही. मी कमीच बोलतो, आणि हे तर बोलण्यासारखं नव्हतंच.

समोर चामोर्शीकडचा माझ्याच वयाचा माणूस होता. तलावात मासे धरायचा. बुद्धिबळ बापाकडून शिकलेला. आधीच्या फेऱ्या त्यानं झटपट मात देऊन संपवल्या होत्या. या डावात मात्र त्याचं प्यादं सरकत सरकत शेवटच्या घरात पोचलं. आता हा वजीर घेणार, आपण संपलो, असं मी धरून चाललो.

तो थांबला. "घोड्याचं घर हाये. मंग घोडाच भेटंल ना, भाऊ?"

गावाकडच्या जुन्या खेळात तसंच असतं, प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं मिळतं. स्पर्धेत हवं ते घेता येतं. पंच लांबच्या टेबलाशी होते. मी पटाकडे बघत म्हणालो, "हो."

मागच्या महिन्यात चामोर्शीच्या बाजारात तो मरळ विकताना दिसला. मी बाजाराला दोन चकरा मारल्या, नको असलेला भोपळा घेतला. मग त्याच्यासमोर उभा राहून सगळं सांगून टाकलं.

त्यानं तराजू खाली ठेवला. "वजीर भेटते, हे मले मागाहून समजलं. पण मी म्हटलं, यालेही ठाऊक नसंल. कंपनीचा माणूस, बिचारा आपल्यासारखाच अडाणी. बारा वर्षं लोकायले हेच सांगून राह्यलो."

"ठाऊक होतं मला."

"बाई, आयकलं काय? हा अडाणी नाई, चोर हाये," तो शेजारच्या मासेवालीला म्हणाला.

"मंग त्याले मासोळी देऊ नको," ती म्हणाली.

त्यानं थर्माकोलच्या डब्याच्या झाकणावर कोळशानं चौकटी आखल्या. चिंचोके त्याचे, खडे माझे. प्यादं पोचण्याआधीचा डाव दोघांनाही जसाच्या तसा आठवत होता. कुठला खडा कुठं, यावर एकदाही वाद झाला नाही. त्यानं प्यादं शेवटच्या घरात सरकवलं आणि माझ्याकडे बघत सावकाश म्हणाला, "वजीर."

सहा चालींत मी मेलो. मासेवाली पोट धरून हसली.

"हा जुना झाला," तो उठत म्हणाला. "आता नवा मांडा. हात धुवून येतो."

मी भोपळा बाजूला ठेवला आणि खडे लावायला बसलो.