अर्धा कोयता

अजिनाथभाऊंचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहिलं तर ते नाइलाजाने लिहिलंय हे कळेल.

ते सतरा सीटची पांढरी गाडी चालवतात. वय चाळिशीच्या आत, गाव पाथर्डी तालुक्यात, बोलणं मोजकं. सावेडीतला आमचा भटकंतीचा गट कुठेही निघाला की त्यांचीच गाडी ठरवतो. गट विष्णुपंत सरांनी सुरू केलेला. सर शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आता त्यांचे गुडघेही निवृत्ती मागतायत. सप्टेंबरात ते मला म्हणाले, "दिपाली, या वेळची वाट तू आख. नीट पार पडलं तर गट तूच सांभाळ."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, एमआयडीसीत ड्रॉइंग काढते. या एका वाक्याची मी दोन वर्षं वाट बघत होते.

ठिकाण ठरवलं भंडारदऱ्याच्या पुढचं, एका वाडीच्या वर असलेलं सदाहरित रान. जाऊन-येऊन सव्वाचार किलोमीटर, मध्ये एक ओढा. मी नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घेतला. वाडीत फोन करून ओढ्याचं पाणी विचारलं. साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं, एकट्याने कुणी वाट सोडायची नाही, यादीची एक प्रत सरांकडे वाडीत राहणार, आणि अडीच वाजेपर्यंत आम्ही आलो नाही तर ते माणसं घेऊन निघणार. सगळं टाईप केलं. अकरा नावं. शेवटी एक ओळ, 'ड्रायव्हर गाडीजवळ थांबेल.'

वाडीत उतरलो तेव्हा सर सहज म्हणाले, "अजिनाथ, तूही जा यांच्याबरोबर."

यादीत खाली भरपूर जागा होती आणि पेन माझ्या हातातच होतं. मी नाव लिहिलं नाही.

अजिनाथभाऊंनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली. "कोयते पाडून घ्यायचे का?"

"कसले कोयते?" लीनाने विचारलं. ती आमच्यातली सगळ्यात जुनी, बँकेत असते.

"ऊसतोडीत माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस आसंल तर अर्धा. जोडीदार कुठं हाय ते ज्याचं त्यानं बघायचं. म्हंजी मुकादमाला डोकी मोजत बसायला नको."

"मग मी आणि मधुवंती एक कोयता," धवल म्हणाला. "लग्नाआधीच."

"तुझी धार बघू आधी," मधुवंती म्हणाली.

पाच जोड्या पडल्या. मी उरले.

"ताई अर्ध्या राहिल्या. अर्धा कोयता माझ्याकडं," अजिनाथभाऊ म्हणाले आणि सगळे हसले. मी आणलेल्या शिट्ट्या त्यांनी जोडीला एक अशा वाटून टाकल्या. आमची शिट्टी त्यांनी माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, "ठेवा तुमच्याकडेच." ती त्यांच्या खिशात गेली.

वर रान दाट होतं. जांभळाची, हिरड्याची झाडं, त्यांच्यातून मांडीएवढे जाड वेल, पायाखाली भिजलेला पाचोळा. ऊन खाली पोचतच नव्हतं. हे सगळं मी शोधलेलं, मी आखलेलं. आणि मागून आवाज येत होते, "अजिनाथभाऊ, हे कशाचं झाड?" त्यांनाही माहीत नसायचं. "आमच्याकडं बाभळी, ताई," एवढंच सांगायचे. तरी लोक त्यांनाच विचारत होते.

साडेबाराला आम्ही मागे फिरलो. थोडं उतरल्यावर धवलच्या बुटाचा तळवा उघडला. अजिनाथभाऊंनी खिशातून सुतळी काढली, बूट मांडीवर घेतला आणि बांधायला लागले. सगळे त्यांच्याभोवती उभे.

"अर्ध्या कोयत्याची एवढी काळजी का हो?" लीनाने विचारलं.

"माझी आई अर्धा कोयता हुती," ते मान वर न करता म्हणाले. "वडील गेल्यावर एकटीच टोळीत जायची. कडूबाई नाव. एकदा एका फडावरनं दुसरीकडं निघालो. ट्रॅक्टर भरला आन आईचा हंडा राहिला, म्हून ती माघारी गेली. तेवढ्यात ट्रॅक्टर हालला. जोडीदार असता तर त्यानं थांबवला असता. मी बोचक्यावर बसून वरडत हुतो, पर इंजनाच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय. दिस मावळताना चालत आली. हंडा डोक्यावर."

त्यांनी सुतळीला शेवटची गाठ मारली. मग लीना म्हणाली, "आमचे पुढारी तुम्हीच व्हा आता."

माझे आई-वडीलही कोयत्यावर जायचे. शेवगाव तालुक्यातून, दर वर्षी सहा महिने. ट्रॅक्टरमधल्या बोचक्यांवर मीही बसलेली आहे. गटात मी सांगितलं होतं, 'घरची शेती आहे.' शेती आहेच, दीड एकर. उरलेलं मी तीन वर्षं गिळून ठेवलं होतं, आणि या माणसाने सुतळी बांधता बांधता ते सांगून सगळा गट खिशात घातला. हेवा घशात चढतो असं मला वाटायचं. तो पायात उतरतो.

नकाशात डावीकडून एक बारीक रेघ ओढ्याकडे जात होती. या लोकांच्या आधी ओढ्यावर पोचून उभं राहावं, वाट कुणाला कळते ते त्यांनाही दिसू दे, असं मनात आलं. सगळ्यांची पाठ होती. मी निघाले.

दोनशे पावलांवर ती रेघ संपली. मोबाईलमधला निळा ठिपका नुसत्या हिरव्या रंगात इकडून तिकडे उड्या मारत होता. शेवाळावरून पाय घसरला, दोन मुळांच्या फटीत गेला आणि मुरगळला. हाका मारल्या. ओढ्याच्या खळखळाटात त्या मलाच नीट ऐकू येत नव्हत्या. मग हात आपोआप शिट्टीसाठी गळ्याकडे गेला.

ओढ्यावर तोवर काय झालं ते लीनाने मला नंतर सांगितलं. तिने मोबाईलमधली माझी यादी काढून डोकी मोजली. अकरा. यादीतही अकरा. "बरोबर आहे, चला," ती म्हणाली आणि धवलने पाण्यात पाय टाकला.

"थांबा," अजिनाथभाऊ म्हणाले.

"अहो, बरोबर आहेत अकरा."

"पाच कोयते भरले. माझा अर्धा कुठं हाय?"

मी त्यांना यादीत घेतलं नव्हतं, म्हणून माझी जागा त्यांच्या डोक्याने भरून निघाली होती. माझ्या आखणीप्रमाणे मी सुखरूप परत निघाले होते.

त्यांनी चार कोयते अलीकडच्या काठावरच बसवून ठेवले. धवल-मधुवंतीला घेऊन ते मागे आले. दर थोड्या वेळाने शिट्टी वाजवायची, मग थांबून ऐकायचं. एका शांततेत माझी हाक त्यांना ऐकू आली. मुळांतून माझा पाय सोडवताना ते फक्त एवढंच म्हणाले, "ताई, हंडा राहिला हुता व्हय तुमचा?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

वाडीत पोचायला सव्वादोन वाजले. सर ओट्यावर यादी घेऊन बसले होते. एकेक नाव वाचून त्यांनी खूण केली, मग चष्म्यावरून बघितलं. "अजिनाथचं नाव कुठाय?"

"मी लिहिलं नाही," मी म्हणाले.

"विसरलीस?"

हो म्हणता आलं असतं. धवल-मधुवंती मला दोन्हीकडून धरून उभे होते, बाकीचे मागे. "नाही, सर. मुद्दाम लिहिलं नाही."

सरांनी कागद आणि पेन माझ्याकडे दिलं. मी 'अजिनाथ' लिहिलं आणि थांबले. "आडनाव?"

"ढाकणे."

तीन वर्षांत मी ते विचारलं नव्हतं.

येताना पाय पसरता यावा म्हणून मला पुढे, त्यांच्या शेजारी बसवलं. संगमनेर मागे पडल्यावर मी हळू आवाजात सांगितलं, "आमचेही कोयत्यावर जायचे."

"ते सकाळीच कळलं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "अर्धा कोयता म्हनलं तवा सगळी हसली. तुमी न्हाई हसल्या."

आठवड्याने सरांनी निर्णय सांगितला. वाट दिपाली आखेल, मोजणी अजिनाथ करील. मला पूर्ण गट हवा होता, अर्धा मिळाला. एवढं झाल्यावर तोही मिळाला हे मला कळतं, तरी लागतं. मी पुढची वाट ग्रुपवर टाकली. ओढे, वेळा, मागे फिरायची जागा, सगळं नीट. पहिला मेसेज लीनाचा, "अजिनाथभाऊ येणार ना?" नकाशाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

येणार आहेत. यादीत पहिलं नाव त्यांचं टाकलंय, खाली माझं, आणि दोघांना मिळून एक कंस.

आमच्या कोयत्याची शिट्टी मात्र आता माझ्या गळ्यात असते. ती मी त्यांना देत नाही.