भिंतीवरच्या होडीचा नारळ
ऑइलपेंटचा वास आला की मला जयगडच्या बाजूच्या आमच्या शाळेची मागची भिंत आठवते. मी तिथे चित्रकलेची नवी बाई. मुलांनी त्या भिंतीवर निळी-पिवळी होडी रंगवली होती, भिंतभर. मुख्याध्यापक मात्र वैतागले. "शाळा आहे की बंदर? सोमवारी चुना मारून घ्या!" मुलं हिरमुसली, मीही. शनिवारी सकाळची शाळा सुटताना एका मुलीची आई मासळीची पाटी घेऊन तिला न्यायला आली आणि होडी बघून थबकलीच. "बाई, नवी होडी नि नारळ नाय फोडलात? अशी ठेवतत काय कोण?" तिने मुलीला घरी पिटाळलं. हळदकुंकू आलं, होडीला लागलं, पायरीच्या चिऱ्यावर नारळ फुटला. आवाजाने मुख्याध्यापक धावत बाहेर आले, तर तिने त्यांच्या हातावरही खोबरं ठेवलं. ते चावता चावता होडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता पूजा झालेल्या होडीवर चुना कोण मारणार?" मुलांनी असा गलका केला की खाडीवरचे बगळे उडाले. आज मी दुसऱ्या शाळेत आहे. भिंत रंगवायची ठरली की रंगांच्या दुकानात जाण्याआधी मी वाण्याकडे जाते आणि एक नारळ घेते.