साठवलेलं ऊन

जगात लोक लोणची साठवतात, जुन्या पिशव्या साठवतात, काही जण तर शेजाऱ्यांचे टोमणेसुद्धा वर्षानुवर्षं साठवतात. पण ऊन साठवून त्याच्यावर पहारा देणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच असणार, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. मूळचे मिरजेचे. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले आणि दुर्गापुऱ्यात घर बांधून इथलेच झाले. "उद्या काही झालं तर?" हा प्रश्न विचारून त्यांनी आयुष्यभर लोकांना पॉलिस्या विकल्या. निवृत्तीनंतर घाबरवायला कोणी उरलं नाही, तेव्हा तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, घाबरले, आणि गच्चीवर सोलरची पॅनेलं व घरात कपाटाएवढी लिथियमची बॅटरी बसवून घेतली.

दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, लाइट गेली की तिच्यावर घर चालवायचं, इतकी साधी गोष्ट. पण चालवायची वेळ आली की साडूंचा जीव वरखाली व्हायचा. बॅटरी किती भरली ते मोबाइलवर दिसतं. शंभराचे नव्व्याण्णव झाले की यांच्या कपाळाला आठी. लाइट गेल्यावर बॅटरी आपोआप सुरू होते, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटे. म्हणून शेजारी मेणबत्ती शोधायच्या आत हे धावत जाऊन बॅटरीचा स्विच पाडत. मग शंभर टक्के भरलेल्या बॅटरीच्या घरात सगळे पुठ्ठ्यानं वारा घेत बसत. शेजारच्या भाभीजी एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "अंकलजी, आपके यहाँ तो बैटरी है ना?" साडू अभिमानानं म्हणाले, "हाँ जी, फुल है!"

मी न राहवून विचारलं, "अहो, मग ही कशासाठी घेतलीत?"

"वेळप्रसंगाला."

"आणि हा काय आहे?"

"साडूभाऊ, ही नुसती लाइट गेलीय. मतलब, प्रसंग वेगळा असतो."

तो प्रसंग कसा दिसतो, हे त्यांनाही ठाऊक नसावं. बॅटरीची बडदास्त मात्र जावयासारखी. बसवायला आलेला इंजिनियर जाता जाता सांगून गेला, की हिला फार गरमी लागू देऊ नका. झालं! घरात एसी एकच, तो झोपायच्या खोलीत. तेव्हा बॅटरी त्या खोलीत गेली आणि माणसांचे पलंग हॉलमध्ये आले. थंडीत तिला गारठा बाधू नये म्हणून राजा पार्कच्या बाजारातून नवी कोरी जयपुरी रजई आली. साडूंच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या थोरल्या मेव्हणीबाईंनी, ज्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो, 'आणि मला?' विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुझी जुनी काय वाईट आहे?" ताई सोशिक. त्या बॅटरीला 'धाकटी' म्हणू लागल्या, एवढंच.

पण सोसायलाही मर्यादा असते, आणि ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आली. जयपुरातल्या मराठी बायका, बँकेतल्या, लष्करातल्या, वर्षातून एकदा ताईंकडे जमतात. हॉल भरलेला, डाळ मिक्सरमध्ये अर्धी वाटलेली, आणि लाइट गेली. साडूंनी सवयीनं स्विच पाडला. ताई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, आज तरी."

"येईल गं पाच मिनिटांत."

ताईंनी सगळ्या बायकांना उठवलं आणि बॅटरीच्या गार खोलीत नेलं. "अगं बया, हिला एशी!" साताऱ्याच्या सुभेदारीणबाई किंचाळल्या. "या, धाकटीला हळदीकुंकू लावा," ताई म्हणाल्या, "या घरात खरी सवाष्ण तीच." बायकांना काय, निमित्तच हवं होतं. पांढऱ्याशुभ्र पेटीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली, अत्तर लागलं, गुलाबपाणी शिंपडलं, आणि वर चक्क भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी! साडू ओरडत आले, "अहो ओले आहेत ते हरभरे! ओलावा जाईल आत!" बायका हसून लोटपोट. फक्त ताई हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात ताई मुलाकडे पुण्याला निघाल्या. स्टेशनवर मीच सोडायला गेलो होतो. साडू म्हणाले, "कधी येशील?" ताई म्हणाल्या, "तुमच्या धाकटीचा काटा शून्यावर आला की कळवा. त्या दिवशी समजेन, की त्या घरात माझ्यासाठीही काही खर्च होतं." मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, आठ दिवसांत निवळेल. वैशाख सरला तरी ताई आल्या नाहीत.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. कॉलनीत लाइट नव्हती, आणि त्या मिट्ट गल्लीत एकच घर लग्नघरासारखं उजळलेलं. आत सगळे पंखे गरगर फिरत होते, एसी चालू, टीव्ही चालू, आणि ओट्यावर मिक्सर रिकामाच घरघरत होता. साडू सोफ्यावर मोबाइल धरून बसलेले. बरेच वाळले होते.

"हे काय चाललंय?" मी मिक्सर बंद केला.

"राहू द्या, फिरू द्या. रोज संध्याकाळी उपसतो हो, आणि सकाळी हे मेलं ऊन पुन्हा भरून टाकतं."

"मग पॅनेलं बंद करा!"

"तीही करून पाहिली. तरी शून्य होतच नाही. दहाला आली की आपली आपण बंद पडते. तेवढं राखून ठेवते, तिची रचनाच तशी." "तिला वाटेल, मीच दहा लपवून ठेवले. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, सांगा!"

हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून हसवेना. फार वाईट वाटलं मला. मीच ताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि यांच्या हातात दिला.

"अकरा," साडू एवढंच म्हणाले. "आता दहा होतील आणि बंद पडेल. त्याच्या खाली जात नाही गं. तुझी शपथ, मी नाही राखलेले."

पलीकडून ताईंनी विचारलं, "एसी कुठं आहे?"

"आपल्या खोलीत. बॅटरी जिन्याखाली हलवली, माणूस बोलावून. तुझा पलंग आत घेतला."

"आणि रजई?"

"पलंगावर घातलीय तुझ्या."

"अहो, जयपूरच्या उन्हाळ्यात रजई?" ताई हसल्या. इतक्या दिवसांनी ते हसू मी ऐकलं. "राहू द्या ते दहा. तेवढं तर मीसुद्धा डाळीच्या डब्यात ठेवते. तिकीट काढा माझं."

फोन ठेवला आणि घर बंद पडलं. पंखे थांबले, काळोख झाला. मी पुठ्ठा शोधून वारा घेऊ लागलो. साडूंचा चेहरा मोबाइलच्या उजेडात दिसत होता. मला वाटलं, जित्याची खोड, टक्के बघतायत. वाकून पाहिलं, तर पुण्याहून येणाऱ्या गाड्या बघत होते.